सेंट थॉमसला (अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेट) पहिल्यांदाच मासेमारीची बोट ठरवताना

आपण पहिल्यांदाच जात आहात, म्हणून माझा आग्रह आहे की ब्लू मार्लिन या मोठ्या माशाचा मोह या खेपेस सोडावा आणि चार तासांची अर्ध्या दिवसाची फेरीच घ्यावी. मार्लिनसाठी प्रसिद्ध असलेला नॉर्थ ड्रॉप हा समुद्राचा भाग बेटाच्या उत्तरेला दूर खोल समुद्रात असल्याने त्यासाठी पूर्ण दिवस आणि बराच पैसा लागतो. किनाऱ्याजवळही माही-माही किंवा आपल्या सुरमईचा जातभाई वाहू गळाला लागू शकतो, आणि वाहूने दोर ओढला की रीळ अक्षरशः किंचाळते!

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एवढे लेखी विचारून घ्यावे:

- कप्तानाकडे अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना आहे का?
- इंधन, गळ-दोर व आमिष भाड्यात धरले आहे का?
- पकडलेला मासा कोणाचा? अनेक बोटींवर तो बोटीचाच मानला जातो आणि नवख्यांचा वाद बहुधा इथेच होतो.
- हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का?

खलाशांच्या बक्षिसीसाठी भाड्याच्या 15 ते 20 टक्के रक्कम वेगळी ठेवावी. बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. डॉक्टरांना विचारून ती निघण्याच्या तासभर आधीच घ्यावी.