गोवा ते मस्कत विमानाने किती तास? मोपाला उतरावं की मुंबईमार्गे दाबोळीला?

थेट विमानाने पावणेतीन तास, फार तर तीन. अंतर सरळ रेषेत साधारण 1,850 किलोमीटर. गोव्यात विमानतळ दोन: उत्तरेला पेडण्यात मोपा, दक्षिणेकडे वास्कोजवळ दाबोळी. पण तुम्ही शेवटी विचारलंय, 'मोपा लांब पडतं म्हणतात, मग मुंबईमार्गे दाबोळीला उतरलेलं बरं का?' त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो.

लांब कोणाला? आम्ही पेडणे तालुक्यातले. 2023 च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावर विमानं उतरतात, आणि त्यासाठी जमिनी गेल्या त्या आमच्याच भागातल्या लोकांच्या. 'मोपा म्हणजे गोव्याबाहेर' हे मडगावच्या माणसाने म्हटलं तर एकवेळ सोसतो. घरच्याने म्हटलेलं सोसवत नाही. माझा दादा मस्कतला नोकरीला आहे आणि त्याचं कायम हेच पालुपद.

एका चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो येणार होता. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, थोरल्याने बांधायची. थेट विमान पहाटे मोपाला येत होतं, तिथून घर वीस मिनिटांवर. मी फोन करून सांगितलं. तरी त्याने मुंबईमार्गे दाबोळीचंच तिकीट काढलं, चार पैसे वाचतात म्हणून. मुंबईला इमिग्रेशनची रांग, सामान पट्ट्यावरून उचलून कस्टममधून बाहेर आणायचं, ते पुन्हा गोव्याच्या विमानाला द्यायचं, आणि त्या विमानालाही उशीर. दाबोळीला उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढे साठेक किलोमीटर रस्ता: झुवारी, पणजी, मांडवी, पर्वरी, म्हापसा, कोलवाळ. चवथीच्या आदल्या संध्याकाळी म्हापशात काय गर्दी असते ते गोंयकाराला सांगायला नको. इकडे बाबा कांगलं, सुपारीचे घड, नारळ समोर मांडून दाराकडे बघत बसलेले. शेवटी त्यांनी मला हाक मारली आणि माटोळी मी बांधली.

दादा आला तो रस्त्यांच्या नावाने बोटं मोडतच. अजूनही त्याचा हिशेब असा: मुंबईपर्यंत अडीच तास, पुढे सव्वा, म्हणजे थेट विमानापेक्षा तासभरच जास्त. विमान हवेत असतं तेवढाच वेळ तो मोजतो. मी म्हणतो, मस्कतच्या खोलीला कुलूप लावल्यापासून आईच्या हातात पिशवी देईपर्यंत मोज, मग बोल.

तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नका. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. इथून सकाळी दहाला निघालात तर तिथल्या सव्वाअकरा-साडेअकराला पोहोचता, सव्वा-दीड तासात गेल्यासारखं वाटतं. येताना रात्री दोनला निघून इथल्या सव्वासहाला उतरता, तेव्हा तोच प्रवास सव्वाचार तासांचा दिसतो. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर येताना थोडा वेळ वाचतोही. आणि तिकीट काढताना नुसतं 'गोवा' वाचून थांबू नका, दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स.

थेट विमान रोज असेलच असं नाही, तारखा बघूनच रजा टाका. तुम्ही कुठल्या तालुक्यातले ते लिहिलेलं नाही. पेडणे, बार्देश, डिचोलीचे असाल तर दुसरा विचार करू नका, मोपा. काणकोण, केपे, सासष्टीचे असाल तर दाबोळी जवळ, हे मलाही मान्य आहे, मुंबईत हातात चारेक तास ठेवून खुशाल या. फक्त सणाच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढू नका, आणि माझ्या दादाला विचारून तर मुळीच नको.