२१४ कोटींवर अडकलेले कॉइन्स

प्रश्न: माझा मुलगा मोबाईलवर गेम खेळतो, त्याचे कॉइन्स २,१४,७४,८३,६४७ वर जाऊन अडकलेत, पुढे सरकतच नाहीत. तो म्हणतो ही मूळ संख्या आहे म्हणून कॉम्प्युटर हीच लिमिट ठेवतो. खरंय का? आणि एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ठरवतात तरी कसं? (एक पालक, सांगली)

उत्तर: चिरंजीवांचं अर्धं बरोबर आहे. संख्या मूळच आहे, पण लिमिटशी त्याचा काडीचा संबंध नाही. अशा गेममधे कॉइन्स ठेवायला ३२ बिट (० किंवा १ ठेवायची घरं) असतात, त्यातला एक अधिक-उणे चिन्हात जातो, उरलेल्या ३१ मधे मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १, बस्स. जुन्या १६ बिटवाल्या प्रोग्राममधे हीच लिमिट ३२,७६७ असायची आणि ती चक्क ७ गुणिले ३१ गुणिले १५१. ६४ बिटची लिमिट पण ७ ने भागली जाते. मधलीच तेवढी मूळ निघाली हा निव्वळ योगायोग.

आता ठरवतात कसं. घात मूळ आहे म्हणून उत्तर मूळ येईलच असं नाही हं, २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. सरधोपट मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं, आणि अशा साडेचार हजारांच्या वर आहेत. गणितज्ञ ऑयलरने १७७२ च्या सुमारास हे काम संपवलं होतं, कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि नजर तर जवळपास गेलेलीच!

त्याने काय केलं, तर भाजकच चाळून घेतले. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग २ चे घात एकेक करून तिने भागत गेलात तर बाकी बरोब्बर ३१ पायऱ्यांनी पुन्हा १ वर येते, आणि फर्माच्या नियमाने (मूळ संख्येने भागताना तिच्याहून १ ने कमी इतक्या पायऱ्यांनी बाकी नक्की १ वर येते) त्या भाजकातून १ वजा केलं की उरलेल्याला ३१ ने भाग जायलाच लागतो, भाजक विषम म्हणून २ ने पण, म्हणजे ६२ ने. शिवाय ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरले पाहिजेत अशी अजून एक अट आहे (तिची सिद्धता इथे मावणार नाही). दोन्ही मिळून भाजकाला २४८ ने भागलं की बाकी १ किंवा ६३. हजाराच्या आत असे आकडे म्हणजे ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, आणि यात मूळ एकटी ३११! भागून बघा, बाकी ३५ उरते. त्यानंतरची एकदम १३०३. असं करत ४६,३४० पर्यंत गेलं की काम फत्ते. पुढे बरीच वर्षं ही माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

चिरंजीवांना अजून एक सांगा, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमधे मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच आकड्यावर पोचतील, आणि पुढच्या सेकंदाला आकडा एकदम उणे होऊन त्यांच्या हिशोबाने डिसेंबर १९०१ उजाडेल.