स्वर भरताना माऊस बाजूला ठेवा

प्रश्न : अल्ट्रास्टार (गाऊन गुण मिळवायचा कराओके खेळ) पद्धतीच्या फाइलमध्ये शब्दांचं टायमिंग बसवलं, पण सगळ्या नोट शून्यावरच आहेत. माऊसने वर-खाली ओढताना नोटची लांबीच बदलते. कीबोर्डवरून स्वर भरता येतील का?

उत्तर : येतील, आणि तसेच भरावेत. माऊस नोटच्या कडेला लागला की ती ताणली जाते. त्रास तिथेच आहे. अक्षर निवडून वर-खालीच्या बाणाने अर्धा-अर्धा स्वर सरका. काही एडिटरमध्ये सोबत शिफ्ट किंवा कंट्रोल लागतं, ते मदत-पानावर पाहून घ्या.

या फाइलमध्ये शून्य म्हणजे मधला सी, पेटीची पांढरी १. षड्ज (सा) तिथे धरला तर रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नी ११. कोमल स्वर एकने कमी, तीव्र म ६. गाणं काळी १ मध्ये असेल तर सगळ्यांत १ मिळवा. खर्जातले आकडे उणे येतात: मंद्र नी -१, मंद्र प -५. एकदा षड्ज पक्का झाला की 'ग म प'साठी बाण किती वेळा दाबायचा, हे बोटांनाच कळतं. प्रत्येक अक्षर कानाने शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असेल तिथे नोट तोडा, दुसऱ्या तुकड्यात अक्षराऐवजी ~ ठेवा. सप्तक चुकलं तरी अल्ट्रास्टार डिलक्स गुण कापत नाही. तरीही ते नीट लावा, नाहीतर पडद्यावरच्या पट्ट्या उगाच उड्या मारतात.