‘मला एकच मिळालं’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये शिकवते. मोठी मुलगी छान गाते, नाताळात तिचं गाणं ठरलेलंच. धाकटा नऊ वर्षांचा. गळा नाही, चारचौघांत घाबरतो, पण कागद दिसला की चित्रं काढत बसतो. वर्गात मी तीन दासांची गोष्ट सांगितली. मालक एकाला पाच वाटे धन देतो, एकाला दोन, एकाला एक. आणि एकवाला ते जमिनीत पुरून ठेवतो, म्हणून मालक त्याला बाहेर अंधारात टाकतो. रात्री हा विचारतो, “मला एकच मिळालंय ना? मग देव मलाही अंधारात टाकणार?” सासूबाई म्हणतात, गायनात उभा करा, भीड चेपेल. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंचा मान राखून सांगते, यंदा त्याला गायनात उभं करू नका. नावडत्या कामात भीड चेपत नाही, पोर नुसते ओठ हलवायला शिकतं.

आता ती गोष्ट. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातली ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक शेवटावर घाई करतो, दात खाणं आणि अंधार. मधलं राहून जातं. तो ‘एक’ वाटा काही चिल्लर नव्हता. तेव्हा मजुराला दिवसाला एक दिनार मिळे आणि त्या एका वाट्यात सुमारे 6,000 दिनार बसत. पोराला वही-पेन्सिल देऊन हिशेब करायला लावा, वीसेक वर्षांची मजुरी निघेल. मग बघा चेहरा! दोनवाल्याला मालक जी शाबासकी देतो, ती पाचवाल्याला दिलेलीच, शब्दाला शब्द तीच. ही दोन वाक्यं बहीणभावाला शेजारी बसवून वाचा. आणि तिसऱ्याने पुरलं का, तर ‘मी भ्यालो’ असं तो स्वतःच सांगतो. भिऊन पुरणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना भिववून सांगायची, हे काही मला पटत नाही.

तुमच्या धाकट्यासाठी खरी गोष्ट बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात आहे. बसालेल ना राजा, ना संदेष्टा. कारागीर. सोनं, रुपं, पितळ, लाकूड, रत्नांना पैलू पाडणं, सगळं त्याच्या हातात. आणि देव मोशेला सांगतो, याला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. पुढे 37व्या अध्यायात त्याने घडवलेला सोन्याचा दीपवृक्ष येतो : सहा फांद्या, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या, सगळं ठोकून घडवलेलं, एकसंध. वाचून झालं की एखाद्या शनिवारी त्याला जुन्या नाशकात तांबट आळीत घेऊन जा. पत्र्यावर हातोडी पडताना, एकेका ठोक्याने भांड्याच्या पोटाला गोलाई येताना पाहू दे. घरी आल्यावर दीपवृक्ष काढायला सांगा. चूक-बरोबर तपासत बसू नका, फांद्या मात्र मोजा!

मग काम द्या, आणि खरं द्या. ‘वा, छान’ म्हणून फ्रिजवर चिकटवलेलं चित्र म्हणजे काम नव्हे. तुमच्या वर्गातल्या लहानग्यांना वाचता येत नसेल, तर पुढच्या रविवारची गोष्ट चार चित्रांत तो काढेल, दाखवाल तुम्ही. नाताळची चांदणी त्याच्या हातची असू दे. स्टेजवर चढायची सक्ती कुठेच नको. बायबलमधल्या यापो गावच्या दुर्कसने तर शिवणकामच केलं. ती वारल्यावर विधवांनी येशूच्या शिष्याला, पेत्राला, रडत रडत दाखवले ते तिने शिवलेले अंगरखे.

अजून वय आहे, हेही लक्षात असू द्या. आपल्या इथल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक लिहाय-वाचायला शिकल्या त्याच लग्नानंतर, आणि पतीमागे त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनी पुरं केलं.

मुलीकडेही जरा बघा. दरवर्षी तिचंच गाणं ठरलेलं असतं, हे तिला आवडतं का, कधी विचारलंय? आणि सासूबाईंना चांदणीसाठी कामट्या बांधायला बसवा. नातवाशेजारी बसल्या की गायनाचा विषय त्याच सोडतील.