जुन्या बोटीचा तळ पुन्हा रंगवायला किती खर्च आणि किती मेहनत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २६ फुटी, फायबरची, शिडाची जुनी बोट घ्यायचा विचार आहे. मालक म्हणतो, "तळाला रंगाचे दोन हात मारले की झालं, शनिवार-रविवारचं काम." हे खरं का, खर्च किती येईल आणि स्वतः करावं का?

मालक खोटं बोलत नसावा. रंगाचे दोन हात मारायला खरंच दीड-दोन दिवस पुरतात. फक्त त्याआधी काय काय करावं लागतं ते त्याने सांगितलेलं नाही. मी माझ्या बोटीचा तळ आतापर्यंत चारदा रंगवलाय. तीनदा ते तीन-चार दिवसांत उरकलं आणि एकदा त्याच बोटीला, त्याच माणसाला पाच आठवडे लागले. नव्या रंगाचा त्यात काही दोष नव्हता, खालचे जुने थर सुटले होते. म्हणून रंगाचा भाव विचारण्याआधी त्या बोटीच्या तळाला किती थर आहेत आणि ते धरून आहेत का, ते बघा.

बोट पाण्यात असेल तर व्यवहार पक्का करण्याआधी उचलून दाखवायला सांगा. तळाचा कुठेतरी टवका उडालेला असतोच. त्या खड्ड्याची कड नीट बघा: निळा, त्याखाली लाल, मग काळा, पुन्हा लाल, असे कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. दोन-तीन असतील तर काळजी नाही. सात-आठ असतील आणि स्क्रेपरचं टोक कडेखाली घालून हलकेच दाबल्यावर मोठा पोपडा सुटून येत असेल, तर त्यावर नवा रंग चढवण्यात अर्थ नाही. आपला रंग खालच्या सगळ्यात कच्च्या थराइतकाच टिकतो.

दुसरी परीक्षा ओल्या फडक्याची. फडकं ओलं करून तळावर जोरात घासा. रंग फडक्याला लागला तर वरचा थर झिजणाऱ्या जातीचा, नाही लागला तर बहुधा कडक जातीचा. पाण्याखालच्या रंगात शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) दूर ठेवणारं विष असतं, बहुतेक वेळा तांब्याचा ऑक्साइड. झिजणारा रंग साबणाच्या वडीसारखा हळूहळू विरघळतो आणि दरवेळी ताजा पृष्ठभाग वर येतो. कडक रंगातलं तांबं निघून जातं, पण रंगाचं कवच तसंच राहतं, म्हणून वर्षागणिक थर साचत जातात. झिजणाऱ्यावर कडक रंग मारायचा नाही, हा नियम मला कुणीतरी सांगितला होता आणि मी तो कानाआड केला. पुढच्याच हंगामात तळहाताएवढे पोपडे गळायला लागले. ते पाच आठवडे म्हणजे हेच.

आता हिशोब. पाण्याखालचं क्षेत्रफळ काढायचं ठोकळ सूत्र असं: पाणरेषेवरची लांबी गुणिले रुंदी आणि पाण्याखालची खोली यांची बेरीज. मध्यम कीलच्या (कील म्हणजे तळाखालचं जड पातं) शिडाच्या बोटीला आलेल्या उत्तराचे पाऊण धरायचे, अरुंद कीलच्या बोटीला निम्मे. तुमच्या बोटीची पाणरेषा ६.८ मीटर, रुंदी २.६ आणि खोली १.४ धरली तर २७ चौरस मीटर होतात, त्याचे पाऊण म्हणजे २० च्या आसपास. एक लिटर रंग एका हाताला साधारण ९ चौरस मीटर जातो. दोन हातांना साडेचार लिटर, आणि जिथे पाणी जास्त घासतं तिथे तिसरा हात धरून ५ लिटर. हा रंग घराच्या रंगाच्या कितीतरी पट महाग असतो, कारण काही डब्यांत निम्म्याहून जास्त वजन तांब्याच्या ऑक्साइडचंच असतं. डबा उचलला की समजतं.

तरीसुद्धा पाच लिटर रंग हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे. क्रेनने वर काढणं, पुन्हा खाली सोडणं, दाबाच्या पाण्याने धुणं, टेकू आणि जमिनीवर उभं राहण्याचं रोजचं भाडं, हे सगळं मिळून माझ्या वहीत दरवेळी रंगापेक्षा जास्तच निघालंय. पाऊस आला तर काम थांबतं, भाडं मात्र चालू राहतं. त्यात पॉलिशपेपर, रोलर, टेप, थिनर, हातमोजे, मास्कच्या डब्या, प्रत्येक गोष्ट किरकोळ, पण सगळ्यांची बेरीज केली की डोळे पांढरे होतात.

थर चांगले असतील तर काम असं होतं. वर आल्या आल्या, तळ ओला असतानाच धुऊन घ्यायचा. शेवाळ एकदा वाळलं की सिमेंटसारखं बसतं. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून सगळा तळ खडबडीत करायचा, सुटे तुकडे खरवडायचे, उघड्या पडलेल्या जागी प्रायमर लावायचा, टेप लावायची आणि रंगायचं. दोघांनी मिळून तीन दिवस. मान आणि खांदे दुखतात, बाकी काही नाही.

सगळं खरवडून काढायचं असेल तर गोष्टच वेगळी. मला चांगल्या धारेच्या स्क्रेपरने तासाला जेमतेम अर्धा चौरस मीटर व्हायचा. वीस चौरस मीटरचे चाळीस तास, तेही बोटीखाली उताणं पडून, हात वर करून. दर दहा-पंधरा मिनिटांनी पात्याला कानस लावायची, नाहीतर पातं रंगावरून नुसतं घसरतं आणि जोर लावला की कोपरा खालच्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरात घुसतो. तसे घुसलेले माझे ओरखडे नंतर लांबी भरून बुजवावे लागले. रंग मऊ करणारं रसायन मिळतं, पण फायबरला चालणारंच घ्यायचं. घराच्या लोखंडी ग्रिलवर वापरतात ते जेलकोटही खातं. पैसे हाताशी असतील तर हा एवढा भाग ब्लास्टिंगवाल्याकडून, म्हणजे दाबाने बारीक कण मारून रंग उडवणाऱ्याकडून करून घ्या. स्वतःच्या हाताने करायच्या कामांत मी याला सर्वात खाली ठेवीन.

एक गोष्ट मात्र कुणीही केली तरी सोडायची नाही: कोरडं घासायचं नाही. ती धूळ विषारी असते. जुन्या बोटीच्या खालच्या थरांत कधीकधी कथिलाचं विष, म्हणजे टीबीटी, दडलेलं असतं. त्याने आर्काशोंच्या खाडीतली कालवांची शेती बुडवली, तेव्हा फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरची बंदी सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाली. पाणी मारत घासा किंवा व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र वापरा, फिल्टरचा मास्क लावा, अंगभर कपडे घाला आणि निघालेला चिखल गोळा करून जिथे असा कचरा घेतात तिथे द्या. नुसता रुमाल बांधून चालत नाही.

सगळं उघडं झाल्यावर तळाला फोड दिसले तर लगेच पळ काढू नका. चार-पाच फोड फोडून, वाळवून, एपॉक्सीची लांबी भरून निभावतं. फोडताना चष्मा लावा. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. पण तळभर शेकडो फोड असतील तर जेलकोट काढणं, बोट महिनोन्महिने वाळवणं आणि मग एपॉक्सीचे पाच-एक हात, जाडी पाव मिलिमीटरपर्यंत. तेव्हा मात्र बोटीच्या किमतीतून तेवढे कापून घ्या, नाहीतर दुसरी बोट बघा.

कील बिडाची असेल तर तिच्यावर तांब्याचा रंग थेट मारू नका. आधी एपॉक्सीचं अस्तर हवं. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला होता. दोनेक वर्षांनी पाहिलं तर लोखंडी खिळे खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते, कारण पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद काढायचा राहून तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये अडकला होता. कामगारांच्या आळशीपणामुळे एवढं शिकायला मिळालेलं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. तुमचं एपॉक्सीचं अस्तर म्हणजे तोच कागद. बोट ॲल्युमिनियमची असती तर तांब्याचा रंग नकोच म्हणालो असतो.

रंगायच्या दिवशी डबा तळापासून ढवळा. वर पातळ तेल आणि खाली विटकरी लगदा असतो. तो लगदाच आपण पैसे देऊन घेतलाय. थिनर घालून रंग ताणू नका, झिजणाऱ्या रंगाचं आयुष्य त्याच्या जाडीत असतं. मी ५ लिटर काढले की ते पाचही तळावर संपवतो. स्पंजचे स्वस्त रोलर थिनरने विरघळतात, आखूड लवेचे घ्या. पहिला हात वेगळ्या रंगाचा मारा, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी तो डोकावायला लागला की वेळ झाल्याचं कळतं. पाणरेषा, नाळेची आणि कीलची पुढची कड, सुकाणू, इथे एक हात जास्त. तळाच्या बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजायला लावलेले जस्ताचे तुकडे अजिबात रंगवू नका, रंगवले की ते गंजायचं आपलं काम सोडतात. टेप रंग अर्धवट ओला असतानाच ओढा. मी एकदा दोन दिवस ठेवली आणि नखांनी तुकडे उपटण्यात अर्धी सकाळ गेली.

तर, स्वतः करावं का? थर धरून असतील तर जरूर करा, एका मदतनिसाबरोबर. मजुरी वाचते आणि स्वतःच्या बोटीचा तळ इंच इंच बघितला जातो, ते बोट तपासणाऱ्या सर्वेअरच्या कागदापेक्षा उपयोगी. थर सुटत असतील तर खरवडणं बाहेर द्या, एपॉक्सी आणि रंग स्वतः करा. मालकाला विचारा, शेवटचा रंग कोणत्या जातीचा आणि कधीचा. रिकामा डबा ठेवला असेल तर त्याचा फोटो मागा.

टेकूंखालच्या जागा शेवटी रंगवायच्या राहतात. टेकू स्वतः हलवू नका, यार्डातल्या माणसालाच बोलवा. एक टेकू चुकीच्या वेळी सुटला तर बोट आडवी होते. मी क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवतो की पट्ट्यांत उचलल्यावर वीस मिनिटं तशीच लटकवून ठेव. तेवढ्यात ब्रश घेऊन चारही चौकोनी ठिपके आणि कीलचं बूड उरकतो.