ईव्ही, मोटर कंट्रोल आणि बोलण्याचा एमआरआय एकाच विभागात कसे? एमटेकला यातलं काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि एमटेकसाठी विभाग बघताय. एका विभागात तीन प्राध्यापक दिसले. एकांचं काम ईव्हीच्या बॅटरीवर, दुसऱ्यांचं मोटर कंट्रोलवर, आणि तिसरे माणूस बोलत असताना त्याच्या जिभेचा एमआरआय काढतात. हे तिसरे वाट चुकून आलेत का, आणि तुम्ही कोणाकडे जावं?

वाट चुकलेली नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही (आयआयएस्सी) इलेक्ट्रिकल विभागात एकीकडे मोटर ड्राइव्हचं काम चालतं आणि दुसरीकडे बोलण्याच्या एमआरआयचं. का, ते सांगतो. आधी एक कबुली: मी मोटर कंट्रोलवाला आहे. एमटेक त्यातच केलं आणि गेली अकरा वर्षं पुण्याच्या आसपास मोटर चालवणारे कंट्रोलरच बनवतोय. त्यामुळे माझं झुकतं माप कुठे पडतंय ते तुम्हीच ओळखून घ्या.

पहिल्या नोकरीतला दुसरा की तिसरा दिवस. छोटी कंपनी, एका शेडमध्ये स्कूटर स्टँडवर, मागच्या चाकात हब मोटर. मोटरमधून तीन जाड वायरी येतात त्या फेजच्या, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या, आणि काही बारीक येतात त्या हॉल सेन्सरच्या, म्हणजे चुंबक कुठे आहे ते सांगणाऱ्या. मी रंग बघून जोडल्या. पिवळ्याला पिवळी, हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. थ्रॉटल पिळला तर चाक जागच्या जागी थरथरलं, गुरगुरलं, आणि मग एकदम उलटं फिरलं. स्टँडवरून गाडी खाली आली. डीसी सप्लायवर करंट चांगलाच चढला होता. तिथले वायरमन काका शांतपणे म्हणाले, "साहेब, रंगावर जाऊ नका. रंग मोटरवाल्याचा, डोकं कंट्रोलरवाल्याचं." त्यांनी दहा मिनिटांत वायरी अदलून-बदलून चाक सुतासारखं सरळ केलं. का चाललं, हे समजून घ्यायला माझे पुढचे दोन तास गेले.

हिशोब असा. तीन फेज सहा तऱ्हांनी जोडता येतात, तीन हॉलही सहा तऱ्हांनी. एकूण ३६ जोडण्या. त्यातल्या नीट चालणाऱ्या फक्त ६, आणि त्यातल्याही ३ उलट्या दिशेच्या. उरलेल्या ३० जोडण्यांत मोटर एक तर अडते, नाही तर धडपडत, करंट खात फिरते. काकांना ३६चा आकडा माहीत नव्हता, पण कोणता आवाज आला की कोणत्या दोन वायरी बदलायच्या हे कानाला माहीत होतं.

हे एवढं रंगवून सांगितलं, कारण मोटर कंट्रोलचा सगळा जीव याच एका गोष्टीत आहे: रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, या क्षणी कुठे आहे? स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या भागातल्या तारांत, करंट सोडून आपण एक चुंबकीय ओढ तयार करतो. ती ओढ रोटरच्या चुंबकापासून बरोबर ९० अंश पुढे ठेवली की टॉर्क पुरेपूर मिळतो. तुमचा अंदाज ६० अंशांनी चुकला तर तेवढ्याच करंटमध्ये टॉर्क निम्मा. ९० अंशांनी चुकला तर टॉर्क शून्य, नुसती उष्णता. त्याच्याही पुढे गेलात तर गाडी मागे. माझी गेली तशी.

आता हब मोटरमध्ये अनेकदा ४६ चुंबकं असतात, म्हणजे २३ जोड्या. चाकाची एक फेरी होते तेव्हा आतली विद्युत फेरी २३ वेळा होते. चाकाच्या मापात एका अंशाची चूक म्हणजे विद्युत मापात २३ अंशांची. हॉल सेन्सर कारखान्यात चिकटवताना एवढा एक अंश सरकला, तरी आठेक टक्के टॉर्क तिथेच गेला. शिवाय हॉल सेन्सर एका विद्युत फेरीत फक्त सहाच वेळा बोलतात. मधल्या ६० अंशांत रोटर कुठे आहे, ते आपण वेगावरून ताडायचं. चाक जवळजवळ थांबलेलं असेल तर ताडायला वेगही हाताशी नसतो. चढावर सिग्नलला उभी असलेली स्कूटर निघताना जो बारीकसा हिसका देते, तो पुष्कळदा इथला असतो.

आता त्या एमआरआयवाल्या प्राध्यापकांकडे येतो, पण वाटेत एक थांबा घ्यावा लागेल.

तीन फेजमधले करंट सतत वरखाली होत असतात. त्यांना थेट धरायला गेलं की हातात काही राहत नाही. जत्रेत घोड्यांच्या चक्रीकडे खाली उभं राहून पाहिलं तर समोरून सगळं भिरभिरत जातं. चक्रीवर चढून बसलं की शेजारच्या घोड्यावरचं पोर स्थिर दिसतं. १९२९ साली रॉबर्ट पार्क यांनी सिंक्रोनस मशीनसाठी नेमकं हे गणितात केलं: समीकरणं रोटरवर नेऊन बसवली. त्याआधीची पायरी, म्हणजे तीन फेजचं दोन अक्षांत रूपांतर, आपण एडिथ क्लार्क यांच्या नावाने ओळखतो. (एमआयटीतून इलेक्ट्रिकलची मास्टर्स पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल १९१९. आमच्या वर्गात क्लार्क ट्रान्सफॉर्म सगळ्यांना पाठ होता. क्लार्क हे बाईचं नाव आहे हे एकालाही माहीत नव्हतं.) रोटरवर बसलं की भिरभिरणाऱ्या तीन करंटांचे दोन शांत आकडे होतात. एक चुंबकाच्या दिशेचा, त्याला डी म्हणतात, आणि दुसरा टॉर्क देणारा, तो क्यू. १९७०च्या आसपास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी यावर फील्ड ओरिएंटेड कंट्रोल, म्हणजे हे दोन आकडे वेगवेगळे सांभाळण्याची पद्धत, उभी केली. आज हातावर मावणारी चिप हे सगळं सेकंदाला दहा हजार वेळा करते. तरी मुळाशी प्रश्न तोच: चक्रीवर चढायचं तर चक्री कुठे आहे हे कळायला हवं.

आता एमआरआय. दीड टेस्लाच्या चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचे चुंबकत्व सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा गिरक्या घेतं. तो सिग्नलही कोणी थेट धरत नाही. रिसीव्हर त्याच वेगाने फिरणाऱ्या चौकटीत जाऊन बसतो आणि दोन शांत आकडे वाचतो. मोटरवाल्या पोराला हे कागदावर दाखवा, तो म्हणेल, अरे हे तर आपलेच डी आणि क्यू.

नातं गणितापुरतंच नाही, लोखंड-तांब्याचंही आहे. चित्रात कुठला सिग्नल कुठून आला हे ओळखायला एमआरआयमध्ये ग्रेडियंट कॉइल असतात. त्यांत शेकडो अँपिअर करंट झटक्यात वाढवावा, झटक्यात उतरवावा लागतो. ते काम करणारे अॅम्प्लिफायर म्हणजे आमच्या मोटर कंट्रोलरमधलेच ब्रिज: तसेच स्विच, तसंच पीडब्ल्यूएम (स्विच झपाट्याने चालू-बंद करून करंट घडवणं), तसाच डेड टाइमचा (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून मधे सोडलेल्या क्षणाचा) वैताग. आणि एमआरआयमध्ये जो ठकठक-ठणठण आवाज येतो ना, तो कुठला हलणारा भाग आपटल्याचा नसतो. मोठ्या चुंबकीय क्षेत्रात करंट वाहणाऱ्या तारेवर बल येतं आणि कॉइल थरथरते. मोटर फिरवतं तेच बल. तिथे मोटर फिरते, इथे नुसता गोंगाट होतो.

त्या गोंगाटात माणसाला बोलायला लावायचं आणि त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, हे या विषयाचं पहिलं दुखणं. साधा मायक्रोफोन आत चालत नाही, ऑप्टिकल फायबरचा लागतो. मग रेकॉर्डिंगमधून स्कॅनरचा आवाज वजा करत बसायचं. दुसरं दुखणं, माणूस उताणा पडलेला असतो, त्यामुळे जीभ स्वतःच्या वजनाने थोडी घशाकडे जाते. तिसरं मला सगळ्यात गमतीचं वाटतं: दात दिसतच नाहीत. त्यांच्यातून नेहमीच्या पद्धतीत वाचता येईल असा सिग्नल येत नाही, म्हणून दात आणि हवा दोन्ही काळेच. जीभ दाताला लागली की नुसती जवळ गेली, हे चित्रावरून सांगणं कठीण.

मराठी माणसाला याचं महत्त्व पटकन कळेल. गुरांचा 'चारा' म्हणा, आणि मग तीनानंतरचे 'चार' म्हणा. लिहिताना च एकच. पहिल्यात जिभेचं टोक दातांच्या मागे जातं, दुसऱ्यात जिभेचा मधला भाग टाळूकडे उठतो. नंतर 'बाळ' म्हणा आणि जीभ कुठे वळली ते बघा. बघता येत नाही, नुसतं जाणवतं, आणि तेही धूसर. हे बघण्यासाठी आणखी उपाय आहेत. हनुवटीखाली अल्ट्रासाउंडचा प्रोब धरतात. तो स्वस्त आणि सुटसुटीत, पण जिभेचं टोक बऱ्याचदा सावलीत हरवतं, म्हणजे नेमका 'ळ'चा मुद्दाच हुकतो. ६२ इलेक्ट्रोड असलेली कृत्रिम टाळूची पट्टी बसवतात, तिच्यावरून जीभ कुठे टेकली ते कळतं, टेकली नाही तेव्हा काय करत होती ते नाही. जिभेवर बारीक कॉइल चिकटवून चुंबकीय क्षेत्रात त्यांचा माग काढतात. तो अचूक असतो, पण चिकटवलेल्या मोजक्या ठिकाणांपुरताच. ओठांपासून घशापर्यंत सगळी वाट एका नजरेत दाखवतो तो एमआरआय. त्याची अडचण वेगाची. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात श्रीकांत नारायणन यांच्या गटाने हे काम पुढे नेलं. त्यांच्या २०१४ सालच्या संग्रहात १० जणांचं बोलणं सेकंदाला सुमारे २३ चित्रांनी टिपलं होतं, २०२१ सालच्या संग्रहात ७५ जण आणि सेकंदाला ८३ चित्रं. चुंबक तेवढाच ठेवून ही उडी बरीचशी गणिताच्या जोरावर आहे: पूर्ण माहिती गोळा करायला वेळ नाही, मग अर्धवट मोजमापातून चित्र पुरं करायचं.

आणि एकदा चित्र मिळालं की खरा प्रश्न उलटा विचारतात: नुसत्या आवाजावरून आतली जीभ कुठे होती ते सांगता येईल का? तोंडाचे वेगवेगळे आकार जवळजवळ सारखाच आवाज काढू शकतात, म्हणून उत्तर एकच येत नाही. हे वाचताना मला स्वतःचंच काम आठवतं. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये आम्हीही बाहेरच्या व्होल्टेज-करंटवरून आतला रोटर कुठे असेल ते ताडतो. मोटर पळत असेल तर तिच्या बॅक ईएमएफवरून, म्हणजे फिरताना तिच्यातच तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून, कळतं. थांबली की बॅक ईएमएफ शून्य, आणि आम्ही आंधळे. मग थोडं उच्च वारंवारितेचं व्होल्टेज टोचून बघायचं, कुठल्या दिशेला इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) कमी लागतो त्यावरून चुंबकाची दिशा काढायची. त्याचा बारीक किर्र आवाज ऐकू येतो, गिऱ्हाईक तक्रार करतं.

बॅटरीवाल्या प्राध्यापकांचीही हीच गत. सेलमध्ये चार्ज किती उरला हे मोजणारा सेन्सरच नसतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे ७० टक्के आणि ४० टक्के यांत व्होल्टमीटरला फारसा फरक दिसत नाही. आत-बाहेर गेलेल्या करंटचा जमाखर्च ठेवायचा, तर रोजची बारीक चूक साठत जाते. मग एखाद्या दिवशी डिस्प्लेवर १५ टक्के असताना गाडी रस्त्यात बसते. याच्यावर काल्मन यांचा १९६० सालचा फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांची सांगड घालणारं गणित, वापरतात, आणि गंमत म्हणजे तोच फिल्टर माझ्या मोटरमध्ये रोटर शोधायला आणि बोलण्याच्या संशोधनात स्वरांचा माग काढायलाही चालतो. तिघं प्राध्यापक एका विभागात का, याचं माझ्या मते उत्तर हेच. तिघंही आत हात घालता येत नाही अशा डब्यात काय चाललंय ते बाहेरून ओळखतायत.

आता काय घ्यावं. हाताला सोल्डरिंगचा चटका चालत असेल, तर मोटर कंट्रोल घ्या. त्यात आता काही उरलं नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. एप्रिल २०२५मध्ये चीनने डिस्प्रोसिअम, टर्बिअम धरून सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवाना बसवला, तेव्हा उष्णतेत टिकणाऱ्या चुंबकांसाठी आपल्याकडची सगळी वाहन कंपन्यांची मंडळी हवालदिल झाली होती. फेराइट वापरावं, तर त्याचं चुंबकीय बळ निओडिमिअमच्या साधारण एक तृतीयांश. चुंबकाशिवायची रिलक्टन्स मोटर घ्यावी, तर ती थडथडते, आणि ती थडथड मोडायचं काम कंट्रोलवाल्याच्याच गळ्यात. काम भरपूर आहे.

बॅटरीकडे जाणार असाल तर एकच गोष्ट विचारा: डेटा कोणाचा? कंपन्या आपला डेटा जिवापाड जपतात. लॅबमध्ये स्वतःचे सायकलर (सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून तपासणारी यंत्रं) आणि तापमानाची पेटी नसेल, तर दोन वर्षं दुसऱ्यांच्या आलेखांवर घालवाल.

बोलण्याच्या एमआरआयसाठी लिनिअर अल्जिब्रा आणि सिग्नल प्रोसेसिंग मनापासून आवडायला हवं. थेट त्या नावाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, पण अर्धवट मोजमापातून चित्र पुरं करण्याचं कसब वैद्यकीय उपकरणांपासून रडारपर्यंत कुठेही खपतं. आणि मराठीच्या दोन 'च'वर काम करायला मराठी कान असलेला विद्यार्थी त्यांना हवाच असेल.

कुठेही अर्ज करण्याआधी लॅब डोळ्यांनी बघून या. मोटरच्या लॅबमध्ये डायनो (मोटरवर भार टाकून तपासणारं यंत्र) आहे का, आणि त्यावर धूळ आहे का, दोन्ही बघा. जळालेले मॉसफेट, म्हणजे कंट्रोलरमधले करंटचे स्विच, एखाद्या डब्यात साठवलेले दिसले तर ती लॅब चांगली. तिथल्या पीएचडीवाल्यांना प्राध्यापकांच्या पाठीमागे चहाला न्या आणि मग विचारा.

एमआरआयवाल्या प्राध्यापकांना भेटायला जाणार असाल आणि दातांना स्टीलच्या तारा बसवल्या असतील, तर दारातच सांगून टाका. तारांमुळे तोंडाचं चित्र पार वेडंवाकडं येतं. नाही तर मंडळी माणसं शोधतच असतात, गप्पा मारता मारता तुम्हाला 'बाळ, बाळ' म्हणायला आत झोपवतील.