नदीचा गाळ मोजून शिंपल्यांचा ठावठिकाणा कसा कळतो?

प्रश्न असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बडोद्याजवळच्या नद्यांचा तळ कसा मोजायचा, आणि त्यावरून गोड्या पाण्यातले शिंपले कुठे राहतात हे सांगता येईल का?

सांगता येतं. पण गाळ बारीक की जाड एवढंच मोजलंत तर हाताशी फार काही लागणार नाही. पावसाळ्यात तो तळ जागेवर राहतो का, हे आधी बघा. शिंपला फार हिंडत नाही. पुरात वाळू सरकली की तो उघडा पडून वाहतो, नाहीतर खाली गाडला जातो. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रेयर यांनी 1999 मध्ये खुणा केलेले दगड नदीत ठेवून हीच गोष्ट तपासली होती: जिथे पुरातही दगड फारसे हलत नाहीत तिथे शिंपले जास्त. ही पद्धत तुम्हालाही परवडेल. ऑइलपेंट लावलेले दगड मेअखेरीस ठेवा, जागा जीपीएसवर नोंदवा, पाणी उतरलं की शोधा.

आता मोजणी. पावागडच्या बाजूला तळाशी गोटे मिळतात, तिथे नदीतले दगड मोजण्याची वोलमन या अमेरिकन संशोधकाची 1954 ची पद्धत वापरा. चालत जायचं, पायाच्या अंगठ्यापुढे न बघता बोट टेकवायचं, जो दगड लागेल तो उचलायचा. लांबी नको, जाडीही नको, मधला व्यास मोजायचा. असे 100 दगड झाले की मध्यक, म्हणजे आकाराच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं माप, काढा. न बघता उचलणं महत्त्वाचं, कारण डोळे उघडे असले की हात मोठ्या दगडाकडेच जातो.

ओरसंगसारख्या वाळूच्या नदीत ही पद्धत चालत नाही. तिथे चाळण्या लागतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये 4.75 मिमीपासून 75 मायक्रॉनपर्यंतचा संच असतोच, विनंती केली की मिळतो. नमुना फावड्याने काढू नका, वर येईपर्यंत सगळी माती धुऊन जाते. दोन-तीन इंची पीव्हीसी पाइप 10 सेंमी आत दाबा, वरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि खालून दुसरा हात लावून उचला. 75 मायक्रॉनच्या चाळणीवर माती पाण्याने धुऊन घ्या. कोरडी चाळलीत तर मातीची ढेकळं वाळू म्हणून मोजली जातील. जिथे वाळूचा उपसा चालतो तिथले नमुने घेऊच नका. तो तळ नदीने घडवलेला नसतो.

चिखल दिसला की शिंपल्यांना वाईट, असं परदेशी लेख वाचून धरून बसू नका. आपल्याकडचा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा शिंपला तलावांच्या आणि संथ पाण्याच्या चिखलात चांगला राहतो. काठाशी उथळ, नितळ पाण्यात नीट बघितलंत तर चिखलावर एक बारीक चर दिसतो, आणि चराच्या टोकाला शेजारी शेजारी शिंपल्याच्या दोन फटी. बाकीचा प्राणी खाली. पिल्लं मात्र कणांमधल्या फटींत राहतात. त्या बुजल्या की खाली ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून मोठे शिंपले भरपूर पण लहान एकही नाही, अशी जागा मिळाली तर तिची नोंद ठळक करा; तिथे पिल्लं जगत नसावीत.

शिंपले नसलेल्या जागाही तितक्याच मोजा. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि शिंपला नाही म्हणजे गाळच वाईट, असंही नाही. त्याच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मासाच नसेल तर उत्तम वाळूही रिकामी राहते. रिकाम्या शिंपल्यांवरूनही अंदाज बांधू नका, ते वरून वाहत आलेले असू शकतात. जिवंत सापडला तर मोजून, चिखलावर दिसणाऱ्या त्या दोन फटींची बाजू वर ठेवून, होता तिथेच परत रोवा.

शहरातल्या विश्वामित्रीत मात्र उतरू नका. मगरी आहेत, आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरावरची मगरही दिसत नाही. बाकी ठिकाणीही आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा आणि कुणालातरी काठावर उभं करूनच पाण्यात जा.